मडक्यात वाल होतेच

पालेगावच्या चांगुणाचा तीस वर्षांचा एकच नेम होता. पहाटेच्या टेम्पोत भाजीच्या जुड्या टाकायच्या, उल्हासनगरात चार नंबर कॅम्पच्या बाजारात एका बंद दुकानाच्या पायरीला टेकून बसायचं, आणि दुपारी ऊन डोक्यावर आलं की रिकाम्या टोपल्या एकात एक घालून घरची वाट धरायची. त्या सोमवारी माल लवकर खपला. शेवटच्या चार जुड्या निळ्या गेटवाल्या आंटीनं नेल्या. ही सिंधी बाई तिचं जुनं गिऱ्हाईक. पालक, चुका, शेपू आणि चण्याची डाळ एकत्र शिजवून करतात ती साईभाजी तिच्या घरी एक दिवसाआड लागायची.

"अच्छावाला छाँटके दे, बाई," आंटी म्हणाली. "मेरी बहू को सातवाँ चल रहा है. उसको खिलाना है."

"लो ना आंटी, कल शाम को तोडेला माल है," असं म्हणून चांगुणानं टोपलीच्या तळातून कोवळ्या पानांची जुडी काढून दिली. चांगल्या गिऱ्हाइकासाठी ती एखादी जुडी नेहमीच तळाशी दडवून ठेवायची.

गावात उतरली की घरी जायच्या आधी ती खालच्या खाचराकडे वळायची. वरच्या अंगाला बिल्डरच्या इमारतीचे खांब उभे राहिले होते, पण खाली ओहोळाच्या कडेचं हे अर्ध्या एकराचं खाचर अजून जसंच्या तसं होतं. भात कापून दोन दिवस झाले होते. भाताची धसकटं पायाला टोचत होती. आणि बांधाजवळ, काल जिथं काहीच नव्हतं तिथं, पत्र्याची नवीकोरी पाटी उभी होती.

चांगुणा विहारातल्या साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकली होती. जोडाक्षर आलं की अजून थांबायची, पण वाचल्याशिवाय सोडायची नाही. ती पाटीसमोर टोपल्या डोक्यावर घेऊनच उभी राहिली. भेंडी पीक प्रात्यक्षिक. शेतकऱ्याचे नाव, शंकरराव रामा भालेराव.

शंकरराव म्हणजे तिचा नवरा.

तिनं टोपल्या खाली ठेवल्या आणि उजव्या पायाची टाच मातीत दाबली. टाच रुतली, गार लागली. ओल होती. वालाला तेवढीच ओल पुरते. वरून पाऊस नको, पाटाचं पाणी नको, खत नको. पण भात कापल्यापासून आठ दिवसांत बी जमिनीत गेलं पाहिजे. नंतर माती आवळून येते, तिला भेगा पडतात आणि मग कितीही बी टोचा, उगवत नाही. दरवर्षी चांगुणा या खाचरात वाल टोचायची आणि त्याच वालांवर तिच्या घराचं वर्ष निघायचं. माघात ओल्या शेंगा, मग सुके वाल. राख चोळून मडक्यात भरले की पुढच्या हंगामापर्यंत किडा लागायचा नाही.

भेंडी लावायची तर जमीन नांगरावी लागणार, सऱ्या पाडाव्या लागणार, पंप लावावा लागणार. नांगर फिरला की ओल उडाली. म्हणजे या वर्षी वाल नाहीत.

आणि या वर्षीच तिला वाल हवे होते. सून स्वप्नाली हिला पाचवा महिना लागला होता, आणि गेल्या आठवड्यात दवाखान्यात तिचं रक्त तपासलं तर आठ भरलं होतं. निदान अकरा तरी हवं, असं नर्सबाईंनी सांगितलं होतं. गोळ्या दिल्या होत्या, आणि डाळी, कडधान्यं, पालेभाज्या पोटभर खायला सांगितलं होतं.

शंकरराव ओटीवर पेपर वाचत बसला होता. अंबरनाथच्या एका कंपनीत त्यानं तीस वर्षं मशीन चालवली. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. इतकी वर्षं शेत चांगुणानंच पाहिलं; तो कापणीला रजा टाकून यायचा तेवढाच. पण सातबारा त्याच्या नावावर होता. त्यामुळे कृषी खात्याची सभा असली की चिठ्ठी त्याच्या नावानं यायची, आणि रिटायर झाल्यापासून तोही पांढरा शर्ट घालून पहिल्या खुर्चीत जाऊन बसायचा.

"खाली पाटी कोणी लावली?" चांगुणानं टोपल्या भिंतीशी टेकवत विचारलं.

"पाहिलीस का?" शंकररावचा चेहरा फुलला. "सगळ्या गावातून आपलं नाव निघालं. बियाणं फुकट, खत फुकट, औषध फुकट. भेंडी वाशीला जाणार, तिथून विमानात. कृषी सहायक मॅडम स्वतः येऊन जागा बघून गेल्या. शुक्रवारी ट्रॅक्टर येतोय."

"आणि वाल?"

"वाल काय, दुकानात मिळतात की."

"वरच्या तुकड्यात लावा तुमची भेंडी."

"वर पाणी कुठंय? पंप खालीच बसणार." त्यानं पेपरची घडी घातली. तो भांडखोर माणूस नव्हता; मशीन ऐकायची सवय असल्यासारखा समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घ्यायचा. "बरं, तुझं म्हणणं काय ते तरी सांग."

"स्वप्नालीसाठी पाहिजेत. नर्सबाईंनी कडधान्य सांगितलंय. रक्त आठ हाय पोरीचं."

"आणि मडक्यात आता वाल नाहीत का?"

"हायत."

"किती?"

"निम्मं मडकं असेल."

"मग मडक्यात वाल असताना तिचं रक्त आठ कसं?" शंकररावनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. पोरगं शाळेत साधी शंका विचारतं तसं त्यानं विचारलं. "वर्षभर घरात वाल आहेत. ती वर्षभर याच घरात जेवतेय. वालानं रक्त वाढायचं तर वाढलं असतं. आता त्याच वालासाठी मी मॅडमना दिलेला शब्द मोडू?"

चांगुणा आत गेली. मडक्यातून दोन मुठी वाल काढले, राख धुतली आणि भिजत घातले. हाताला काहीतरी काम हवं म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी ती बाजाराला गेली नाही. तीस वर्षांत आजारपण सोडून असं कधी झालं नव्हतं. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, आणि शेजारच्या बनूबाईनं तिच्या जुड्या आपल्या टोपलीत घेतल्या. चांगुणानं भिजलेले वाल फडक्यात बांधले, वर वाटी पालथी घातली आणि अकरा वाजता समाजमंदिरात गेली. भेंडीच्या शेतकऱ्यांची सभा होती.

आत सात पुरुष बसले होते. टेबलामागे कृषी सहायक प्रीती मॅडम, पंचविशीची, बदलापूरहून स्कूटीवर येणारी. पुढ्यात हजेरीचं रजिस्टर उघडं होतं. दारात बाई दिसताच महिपती म्हणाला, "या वहिनी! शंकररावांचा डबा आणलात का?" महिपती शेजारच्या वाडीतला, त्याचीही जमीन ओहोळाला लागून होती. सगळे हसले. शंकररावही हसला, पण जरा कसनुसा.

"डबा नाय आणला. सभेला आले," चांगुणा म्हणाली आणि भिंतीशी बसली.

मॅडमनी भेंडीचं सांगितलं. दोन रोपांत किती अंतर, कीड कशी ओळखायची, तोडणी एक दिवसाआड पहाटे. चांगुणानं सगळं ऐकलं. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर ती म्हणाली, "पहाटे तोडणी कोण करणार?"

पुरुष एकमेकांकडे बघायला लागले.

"म्हणजे, घरचेच," मॅडम म्हणाल्या.

"घरचे म्हणजे आम्ही. पहाटे आम्ही बाजारात असतो. मंग हे तोडणार का?" तिनं शंकररावकडे पाहिलं. "यांची कंबर वाकत नाय, मॅडम. चपलेचा पट्टा मी लावते."

या वेळी हसणं मोठं झालं, आणि महिपतीला ठसका लागला. प्रीती मॅडमना हसू आलं नाही. त्यांनी रजिस्टरचं पान चांगुणाकडे फिरवलं. "मावशी, हे बघा. चार सभा घेतल्या. वरून पत्र आलंय, सभेला बायका आल्या पाहिजेत, त्यांच्याशी आहाराचं बोललं पाहिजे. प्रत्येक सभेला मी निरोप देते. एक बाई येत नाही. मी काय लिहू? महिलांचा प्रतिसाद नाही, असं लिहिते."

चांगुणानं पान पाहिलं. महिला या शब्दाखाली चार शून्यं होती, एकाखाली एक, नीट काढलेली.

"सभा किती वाजता असते?"

"अकराला."

"अकराला गावात बाई असते का? गावातल्या वीस बाया चार नंबर नि पाच नंबरच्या बाजारात बसलेल्या असतात. पाहिजे तर आज इथून जा नि मोजून या. आणि निरोप कोणाकडं देता?"

"यांच्याकडेच." मॅडमनी सात पुरुषांकडे बोट केलं.

"अहो, पण तुम्ही मला कधी सांगितलंत?" चांगुणानं नवऱ्याला विचारलं.

शंकररावनं शर्टाची बाही नीट केली. "मला वाटलं, तुला वेळ नसतो."

"आमची सभा रोज भरते, मॅडम," चांगुणा उठत म्हणाली. "तीन वाजता, विहिरीपाशी, आंब्याखाली. दुसऱ्या दिवशीच्या जुड्या बांधायला बसतो. खुर्ची नाय, पण सावली हाय. तुम्हीच कधी आला नाय."

प्रीती मॅडम तीनला आल्या. आंब्याखाली दहा-बारा जणी गोल करून बसल्या होत्या. मधे माठ, मुळा, पालकाचा ढीग आणि जुड्या बांधायला केळीच्या सोपटाचे बंद. मॅडमना पोत्यावर बसायला दिलं आणि त्यांच्या हातातही पालकाच्या काड्या दिल्या. विठ्ठलवाडीच्या चाळीत वाढलेली स्वप्नाली सासूच्या शेजारी बसून बंद ओढत होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला जुडी बांधता येत नव्हती. आता तिची बोटं सगळ्यांत भरभर चालायची.

मॅडमनी पिशवीतून आहाराचा रंगीत तक्ता काढला आणि आंब्याच्या खोडाला टेकवला. त्यावर सफरचंद, दुधाचा पेला, अंडी, गाजर असं सगळं काढलेलं होतं.

"सफरचंद!" बनूबाई ओरडली. बनूबाईला चार नातवंडं होती, पण जिभेला वयाची आडकाठी नव्हती. "मॅडम, मी सफरचंद शेवटचं कधी खाल्लं माहितीय? माझा आपेंडिस काढला तेव्हा. पाव्हण्यांनी आणलं. त्यातलंही निम्मं पाव्हण्यांनीच खाल्लं."

"आणि उरलेलं?"

"उरलेलं ह्यांनी. मला म्हणाले, तुला पथ्य हाय."

ठमाबाई हसता हसता मागे कलंडली. मॅडमही हसल्या, आणि त्यांनी तक्ता गुंडाळून ठेवला. "बरं, राहू दे तक्ता. काल कोणी काय खाल्लं ते सांगा. खरं सांगायचं. मी कुठं लिहिणार नाही."

एकेक सांगू लागली. ठमाबाईनं सकाळी बाजारात चहा आणि पाव, दुपारी भाकरी नि सुकटीची चटणी. बनूबाईनं वडापाव, मग रात्री भात. भाजी कोणती, असं मॅडमनी विचारलं की दरवेळी बाई जरा थांबायची. बटाटा. कांदा. पातळ डाळ. समोर पालकाचा ढीग होता, गुडघ्याएवढा, आणि त्यातलं पान कोणाच्याच ताटात नव्हतं.

"हे विकायचं," ठमाबाई म्हणाली. "हे कसं खायचं?"

मॅडमनी काड्या सारख्या करून जुडी बांधायचा प्रयत्न केला, ती सुटली. मग स्वप्नालीकडे वळून म्हणाल्या, "आणि तू गं?"

"मी?" स्वप्नालीनं सासूकडे पाहिलं. "नॉर्मलच. सकाळी चहा-खारी. मग गोळी घेतली, चहाबरोबरच, नाहीतर मळमळतं. दुपारी भात आणि बिरड्याचा रस्सा. संध्याकाळी भात आणि लोणचं."

चांगुणाचा हात थांबला. सोमवारी सकाळी ती बाजारात असताना घरात वालाचं बिरडं झालं होतं. शनिवारी रात्री तिनंच वाल भिजत घातले होते, मुद्दाम स्वप्नालीसाठी.

"नुसता रस्सा का? दाणे होते की त्यात," ती म्हणाली. "चांगले पातेलंभर होते."

"होते ना आई. बाबांना वाढलं, यांची सेकंड शिफ्ट होती, यांच्या डब्यात दिलं. मग खाली जे राहिलं ते तुम्हाला."

"मला?"

"तुम्ही आलात ना बाजारातून, तेव्हा. तुम्ही पहाटेपासून बाहेर असता. मी घरातच तर असते." स्वप्नाली सहज बोलत होती, यात काही सांगण्यासारखं आहे हेच तिला वाटत नव्हतं. "नेहमीच असं करते मी. तळाचे दाणे तुमच्या ताटात. तुमचं लक्ष नसतं."



चांगुणाला आपल्या सासूचं घर आठवलं. तिथं सासू जेवून उठल्यावर सुनेनं बसायचं असे. आपल्या सुनेला तसं करायचं नाही, हे तिनं लग्नाच्या दिवशीच ठरवलं होतं. पुरुषांचं झालं की ती स्वप्नालीला बरोबर घेऊन बसायची, एकाच वेळी. चार बायकांत सांगायचीसुद्धा, आमच्याकडे सून मागून जेवत नाही. आणि रोज बरोबर बसून तिनं शेजारच्या ताटात काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. मानानं वाढलेले दाणे ती गप्पा मारत खात होती.

"मॅडम," ती शेवटी म्हणाली, "वालानं रक्त वाढतं ना?"

"वाल चांगलेच. त्यावर लिंबू पिळायचं, पालेभाजी हवी, आणि गोळी चहाबरोबर घ्यायची नाही. जेवल्यावर लिंबूपाण्याबरोबर घे गं, चहा तासाभरानं." मग त्या थांबल्या. "पण पोटात गेले तर."

"आमच्या खाचरात वाल होतात. शुक्रवारी तिथं ट्रॅक्टर येतोय तुमच्या भेंडीला."

"तिथं काही पीक असतं, असं मला कोणी सांगितलंच नाही, मावशी. भातानंतर जमीन पडीक, असं फॉर्मवर लिहिलंय."

"कोणी लिहिलं?"

मॅडमनी उत्तर द्यायची गरज नव्हती. चांगुणानं ओलीचं सांगितलं, आठ दिवसांचं सांगितलं. कॉलेजात शेती शिकलेल्या प्रीती मॅडम काड्या खाली ठेवून ऐकत राहिल्या, आणि त्यांनी दोन वेळा विचारलं, पाणी अजिबात नाही? खत अजिबात नाही? मग म्हणाल्या, "मला पाटी काढता येणार नाही. संमती खातेदाराची आहे. शंकररावांनी स्वतः मला सांगितलं तर गुरुवारपर्यंत जागा बदलता येईल. महिपती मागत होतेच."

बुधवारी संध्याकाळी वालांना छान मोड आले होते. चांगुणानं आणि स्वप्नालीनं बसून सालं काढली. ओलं खोबरं, कोकम आणि जराशी गुळाची चव, असं बिरडं चांगुणानं स्वतः केलं. पालकाची एक जुडी बाजाराच्या टोपलीतून परत काढून तीही शिजवली. मुलगा प्रमोद सेकंड शिफ्टला आनंदनगरच्या कंपनीत गेला होता. दिवेलागणीला तिनं तीन ताटं मांडली, एका ओळीत.

"तीन?" शंकरराव पाटावर बसत म्हणाला.

"तीन." तिनं स्वप्नालीचा हात धरून तिला मधल्या ताटावर बसवलं.

"आई, मी नंतर..."

"बस गं."

तिनं पळी पातेल्यात खोल घातली आणि स्वप्नालीच्या वाटीत दाणे वाढले. एकदा, दोनदा. वाटी शिगोशीग भरली. ताटात पालक वाढला, लिंबाची फोड ठेवली. प्रमोदचा वाटा झाकून बाजूला ठेवला. मग स्वतःच्या वाटीत वाढून घेतलं, रोज सून तिला वाढायची तेवढं. राहिलं ते शंकररावच्या वाटीत ओतलं. पिवळसर रस्सा, आणि त्यात चार दाणे तरंगत होते.

शंकररावनं वाटीत पाहिलं. मग पातेल्यात पाहिलं. "एवढंच?"

"तुम्ही सोमवारी इचारलं होतं," चांगुणा म्हणाली. आवाज चढवायचा नाही हे तिनं ठरवलं होतं, आणि तो चढलाही नाही. "मडक्यात वाल असताना पोरीचं रक्त आठ कसं? तेव्हा मला सांगता आलं नाय. आता बघा. तुमच्या वाटीत हाय ना, हे तिला रोज मिळतं. माझ्या वाटीत हायत ते तिनं मला वाढलेले. मीसुद्धा खाल्ले. तुमच्या एकट्याचं नाव घेत नाय मी."

स्वप्नाली खाली मान घालून बसली होती. तिला घास घ्यावा की नाही कळत नव्हतं. शंकररावनं चार दाणे बोटानं एका बाजूला घेतले, जणू मोजतोय. कंपनीतल्या कँटीनमध्ये तीस वर्षं त्यानं ताट पुढं केलं होतं आणि कोणीतरी भरलं होतं. घरीही तसंच. पातेल्याचा तळ त्यानं कधी पाहिला नव्हता.

"जेव बाळा," तो सुनेला म्हणाला. "गार होतंय."

तिनं पहिला घास घेतला तेव्हा त्यानं रस्सा भातावर ओतला आणि कालवला. चार घास तसेच खाल्ले. मग म्हणाला, "चांगुणा, रस्सा चांगलाय. पण याच्यानं पोट भरत नाही."

"नाय भरत."

"फॉर्मवर पडीक मीच सांगितलं. मॅडमनी विचारलं, भातानंतर काय असतं? मी म्हटलं, काही नाही. खरंच मला वाटलं, ते काही पीक नाही. तू आपलं टोचतेस काहीतरी." तो पाणी प्यायला. "शब्द दिलाय गं मी त्या पोरीला. पहिल्या खुर्चीत बसून दिलाय."

चांगुणानं आपल्या वाटीतले निम्मे दाणे त्याच्या भातावर घातले. त्यानं ते नको म्हटलं नाही, पण खाताना तो सारखा स्वप्नालीच्या ताटाकडे बघत होता, भरलेलं आहे ना ते बघावं तसा.

हात धुऊन आला तेव्हा त्यानं मडकं स्वतःच उचलून ओटीवर आणलं. "बियाण्याला यातलेच घेतेस ना?"

"टपोरे निवडून."

"मग दे सूप इकडे. वाकता येत नाही, पण बसून निवडता येतं."

गुरुवारी सकाळी तो आधी समाजमंदिराकडे गेला. तिथं प्रीती मॅडम खताच्या पिशव्या मोजून घेत होत्या. त्यानं काय सांगितलं ते चांगुणानं ऐकलं नाही. ती तेव्हा खाचरात होती, हातात काठी घेऊन भोकं पाडत, आणि मागून स्वप्नाली दोन-दोन दाणे टाकून पायानं माती सारत होती. बनूबाई न बोलावता आली होती. शंकरराव आला तो महिपतीला बरोबर घेऊन. दोघांनी मिळून पाटी उपटली. महिपतीनं ती खांद्यावर घेतली.

"वहिनी, नाव तेवढं खरडून काढावं लागणार बघा," तो म्हणाला. "नाहीतर माझ्या भेंडीला शंकरराव पाणी घालायला यायचा."

"येईल की," बनूबाई म्हणाली. "वाकायचं काम नसलं तर."

मॅडम मागून बांधावर येऊन उभ्या होत्या. त्यांनी चपला काढल्या, खाचरात उतरल्या आणि चांगुणानं दाखवलं तशी टाच दाबून पाहिली. मग डायरीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "पुढची सभा मंगळवारी. तीन वाजता, आंब्याखाली. निरोप तुम्हीच द्या, मावशी. आणि पुरुषांना सांगा, आलात तर जुड्या बांधाव्या लागतील."

वाल उगवले. माघात खाचर हिरवंगार झालं आणि शेंगा लटकल्या. स्वप्नालीचं रक्त महिन्यामागून महिना चढत साडेदहावर आलं होतं. नर्सबाईंनी गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या आणि अजून थोडं हवं म्हणाल्या. घरात आता सगळे एका ओळीत बसायचे, प्रमोदची शिफ्ट असेल तेव्हा तीन, नसेल तेव्हा चार. कधी विसर पडून पळी आधी शंकररावच्या वाटीकडे वळली तर तोच वाटीवर हात धरायचा.

पहिल्या तोडणीच्या शेंगा चांगुणा बाजारात घेऊन गेली, एक टोपली. तळाशी फडक्याखाली तिनं नेहमीसारखा कोवळा माल दडवून ठेवला होता. निळ्या गेटवाली आंटी आली. तिला नातू झाला होता, तिनं मिठाईचा तुकडा चांगुणाच्या हातावर ठेवला, आणि सवयीनं टोपलीत हात घालून फडकं वर केलं.

"ये अच्छावाला है. ये सब दे दे."

चांगुणानं फडकं परत सारखं केलं. "वो नहीं आंटी. वो घर का है."

"घर का? तू तो सब बेचती है."

"मेरी बहू को आठवाँ लगा है," चांगुणा म्हणाली, आणि वरच्या शेंगांतून निवडून निवडून तिला एक किलो तोलून दिल्या.